उजव्या हाताचा धपाटा

आत्या, शेवटची आंघोळ घालताना आम्ही तुला कुशीवर वळवलं आणि तुझी पाठ दिसली. मला उगीचच वाटलं होतं की तिच्यावर वळ असतील. किती पोरांनी बडवली होती ती! पण काहीच नव्हतं. थोडी सुरकुतलेली गोरी पाठ आणि खांद्यापाशी एक तीळ. माझा हात तिथंच थबकला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मंजू, आवर." सगळी नोकरी हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूममध्ये काढलेल्या बाईला कुणी 'आवर' म्हणायची वेळ येऊ नये, पण आली.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. फॅक्टरीच्या ऑफिसातली सचोटीची नोकरी, गणेशोत्सवातला उत्साह, लग्न न करता भावाच्या पोरीला, म्हणजे मला, आईच्या मायेनं वाढवणं. सगळं खरं. पण पाठीचं कुणी बोललं नाही. मला तर राहून राहून तीच आठवते, म्हणून हे तुलाच सांगायला बसले आहे.

जबलपूरच्या मराठी घरात बारसं निघालं की तुला बोलावणं यायचं. ज्यांच्या आत्यांना नागपूर-अमरावतीहून रजा मिळाली नाही, रिझर्वेशन मिळालं नाही, त्या सगळ्यांची आत्या तू. बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, नाव सांगायचं, कुर्र करायचं आणि मग जमलेल्या बायांचे धपाटे पाठीवर घ्यायचे. मी तुला चिडवायचे, "आत्या, तू तर सरकारी आत्या झालीस." तू म्हणायचीस, "हो न बाप्पा, अन् पाठही सरकारी. कोणीही यावं, हाणून जावं."

मग तुझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गेला म्हणजे पुरता गेला नाही, जाडाभरडा होऊन उरला. पूर्वी आपल्या दीक्षितपुऱ्यात तू आरती म्हणायला लागलीस की गल्लीच्या टोकाला कळायचं. आता तू आरतीत नुसते ओठ हलवायला लागलीस. बारशाचं बोलावणं आलं की कंबर दुखते म्हणून सांगायचीस. कंबर तुझी ठणठणीत होती, हे मला ठाऊक होतं. "असल्या आवाजानं लेकराच्या कानात काय सांगू? भिऊन जाईल ते," एवढंच एकदा बोललीस आणि विषय मिटवून टाकलास.

त्याच दिवसांत तू माझा डबा घेऊन हॉस्पिटलात यायला लागलीस. डबा मी सकाळी नेऊ शकत होते. पण तुला घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं, आणि मला तुझी गरम भाकर हवी होती. दोघींचं भागत होतं.

आमची ड्रेसिंग रूम तुला पहिल्याच दिवशी आवडली नाही. भाजलेली, कापलेली, हाड मोडलेली पोरं आमच्याकडे येतात. दुखणं कमी करायचं औषध आधी देतोच आम्ही, पण पोराला पट्टी दिसली की औषध विसरतं ते. त्यात आई म्हणते, "बस बेटा बस." बाप म्हणतो, "कुछ नहीं हुआ." वॉर्डबॉय मोबाइलवर गाणं लावतो, मी म्हणते, "हाथ पकड़ो." चार जणांचे चार आवाज, आणि त्या सगळ्यांच्या वर पोराचा. तू दाराबाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होतीस. मी बाहेर आले तर तू रागावलेली.

"काहून सांगून राहिले ते, की कुछ नहीं हुआ म्हणून? झालं आहे न त्याले! खोटं बोलता अन् वरून चूप बस म्हणता."

"आत्या, रडू दे त्याला. रडणारं पोर श्वास घेत असतं. मला गप्प पोराची भीती वाटते."

"रडू दे न. मी कुठं नाही म्हणते? पण तुम्ही सगळे काहून ओरडून राहिले?"

मी डबा उघडला आणि भाकर खाल्ली.

शांत आवाज ऐकवले तर मुलांची भीती कमी होते, दुखणंही कमी जाणवतं, हे आमच्या डॉक्टर मॅडम आधीपासून म्हणत होत्या. त्यांनी एक छोटा स्पीकर आणला होता. त्यात घालायला मी एका रविवारी ग्वारीघाटावर जाऊन मोबाइलमध्ये नर्मदेचं पाणी भरून आणलं होतं. काठाला लागणारं, झुळुझुळु. मला काय अभिमान! सोमवारी लावलं. पहिल्या पोरीला सू लागली, दुसऱ्या पोरानं टेबलावरच केली, तिसऱ्याच्या आईनं विचारलं, "दीदी, बाथरूम किधर है?" मॅडम हसून हसून भिंतीला टेकल्या. तुला सांगितलं तर तू त्या खरखरीत आवाजात इतकी हसलीस की ऑपरेशननंतर पहिल्यांदा मला तुझा जुना गडगडाट ऐकू आला. "नर्मदामाईले कशाले वेठीस धरली वो?" असं म्हणत डोळे पुसलेस.

मग पूनम आली.

ग्वारीघाटावर नाव चालवणाऱ्या भैयांची ही सात-आठ वर्षांची पोर. चुलीवरचं उकळतं दूध तिच्या उजव्या हातावर सांडलं होतं. तळवा आणि पाची बोटं भाजली होती. जखम भरत येत होती, पण खरी लढाई तिथूनच पुढे असते. रोज पट्टी बदलायची, आणि बोटं एकेक करून सरळ करायची. नाहीतर नवी कातडी आवळते, बोटं तळव्याकडे ओढली जातात आणि हाताची कायमची मूठ होते. पूनम किंकाळ्या फोडायची. बाप बाहेर डोकं धरून बसायचा. एक दिवस तिची आजी पदर खोचून आत आली. "अब नहीं लाएँगे। घर में हल्दी-तेल कर लेंगे। मोड़ी को ऐसे मार रए हो तुम लोग।" मोड़ी म्हणजे पोरगी. मॅडमनी समजावलं, मी समजावलं, थोडं रागावलेही. बाप म्हणाला, आजचा दिवस करा, मग बघू. त्या 'बघू'चा अर्थ आम्हाला कळतो. असे 'बघू' म्हणून गेलेले हात नंतर मुठी होऊनच परत येतात.

तेवढ्यात दार ढकलून तू आत आलीस. डबा टेबलावर ठेवलास. ड्रेसिंगच्या टेबलावर, आत्या! मी खेकसणारच होते.

"चलो, सब चूप," तू म्हणालीस. त्या आवाजात हुकूम चांगला वाटतो. सगळे गप्प झाले, वॉर्डबॉयनं मोबाइलसुद्धा बंद केला. तू पूनमच्या डाव्या बाजूला गेलीस, वाकलीस, तोंड तिच्या कानाशी नेलंस. मला वाटलं, तू गाणार. तू गायली नाहीस. तू इतक्या हळू काहीतरी म्हणालीस की ते ऐकायला पूनमला ओरडणं थांबवावं लागलं.

"कुर्रर्रर्र... पूनम."

बारशाचं कुर्र नाजूक असतं, चिमणीचं. हे तसं नव्हतं. जाड, घशाच्या तळातून येणारं, मांजर मांडीवर घुरघुरतं तसं. पूनमचे डोळे गरकन फिरले. "क्या बोला?"

"फिरसे सुन."

मी चिमट्यानं पट्टीचं टोक उचललं. कुर्रर्रर्र. पट्टी निघत होती, आणि पोर कान देऊन होती. मध्ये ती कळवळली तेव्हा तू म्हणालीस, "दुखा न? मार मले. पीठ पे मार. हमारे में बुआ को मारते." मराठी-हिंदीची अशी खिचडी तूच करावी. पूनमनं आधी बापाकडे पाहिलं, मग डाव्या हातानं तुला असा एक धपाटा घातला की तुझा चष्मा खाली आला. "अच्छा! ताकद आहे बाईत," तू म्हणालीस, आणि पूनम रडता रडता हसली. माझ्या ड्रेसिंग रूममध्ये हसण्याचा आवाज! मी चिमटा धरून तशीच उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, कीजिए, रुकिए मत।"

आपण जिंकलो असं वाटतंय तोच आजीनं तुला दारात अडवलं. "काए बाई, तुमने मोड़ी के कान में का फूँको? हमारे घर के गुरु दूसरे हैं।"

मला काही कळेना. मग भैयांनीच समजावलं. त्यांच्याकडे गुरू शिष्याच्या कानात मंत्र फुंकतो, आणि एकदा कान फुंकला की तो जन्माचा गुरू. आजीला वाटलं, या मराठी बाईनं न विचारता पोरीला चेली करून घेतलं. झालं का! एवढा वेळ पोर टिकली आणि आता ह्यावरून ते उठून जाणार!

तू मात्र शांत होतीस. आजीच्या शेजारी बाकावर बसलीस आणि तिला सगळं बारसं सांगितलंस. पाळणा, घुगऱ्या, कानात नाव, धपाटे. "मंतर-बिंतर काही नाही, अम्मा. गुरु नहीं, मैं बुआ हूँ. उसका नाम उसको बताया, बस."

आजीनं पानाची पिंक टाकायला जागा शोधली, मिळाली नाही, गिळली, आणि म्हणाली, "बुआ बनी हो तो निभाने पड़हे।" नातं जोडलं आहेस तर निभावावं लागेल. तू ज्या दिवशी असशील त्या दिवशी पोर येईल, नसशील त्या दिवशी नाही.

"निभवीन न," तू म्हणालीस, जणू तिनं वाटीभर साखर मागितली होती.

तू निभावलंस, आत्या. ऑटो मिळाला नाही तर चालत आलीस, ताप होता तेव्हा शाल गुंडाळून आलीस. डबा आणायचं विसरलीस, पण यायचं विसरली नाहीस. मी कँटीनचा समोसा खाल्ला आणि एक अक्षर बोलले नाही. माझ्यासारखीनं न बोलणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

आमच्या खोलीचा कायदाच बदलला. ड्रेसिंग चालू असताना एकच आवाज, आणि तो हळू. बाकी सगळे चूप, मीसुद्धा. "आपलं नाव कोणी हळू घेतलं की माणूस थांबतेच," हे तुझं तत्त्वज्ञान. पोरं तुला 'कुर्र बुआ' म्हणायला लागली. सदर छावणीतल्या एका फौजीच्या लेकीला कुर्र नको होतं, तिला ऑटोचा आवाज हवा होता. तू तिच्या कानात ऑटो चालवलास, गिअर बदललेस, स्पीड ब्रेकरला थांबलीस. टाके निघाले आणि ती म्हणाली, "बुआ, सदर आ गया क्या?" ज्या आवाजाची तुला लाज वाटत होती तो पोरं मागून घेत होती. मी दारात उभी राहून ऐकायचे. माझा ऊर भरून यायचा, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते, भरून यायचा.

आपलं एक भांडण मात्र राहिलं. मी म्हणायचे, तुझ्या कुर्रनं भीती जाते, दुखणं तेवढंच राहतं. तू म्हणायचीस, "तुले काय माहीत? तुझी पट्टी काढली का कोणी?" शेवटी आपण पूनमलाच पंच केलं. तिनं खूप विचार केला. तोंडात बोट घालून म्हणाली, "दुखता है। पर थोड़ी देर से दुखता है।"

"बघ!" तू म्हणालीस.

"बघ काय? दुखता है, म्हणाली ती."

"देर से म्हणाली न!"

घरी येईपर्यंत ऑटोत आपण भांडत होतो. ऑटोवाल्यानं आरशातून पाहून विचारलं, "दीदी, सब ठीक?" ते भांडण मी तू असेपर्यंत सोडलं नाही. तूही सोडलं नाहीस.

एकेक बोट सरळ होत गेलं. पूनम डाव्या हातानं मारायची, आणि तू तिला सांगायचीस, "हे डाव्या हाताचे धपाटे मी मोजत नाही. असली धपाटा उजव्या हाताचा. पूरा पंजा खुला पाहिजे. मुठीनं मारलेला मी घेत नाही." ती रोज विचारायची, आज मारूँ? तू पाठ पुढे करायचीस. धप्प. "मूठ आहे अजून. घर जा, बोटं सीधी कर, फिर आना." पोरीला इरेस घातलंस तू. भैया सांगायचे, नावेत बसून दिवसभर तळवा फळीवर दाबत असते, आजीला म्हणते, बुआ को बजाना है.

शेवटच्या ड्रेसिंगला अंगठ्यापाशी थोडी ओढ उरली होती. धप्प आवाज आला, पण आधीपेक्षा मोकळा. तू म्हणालीस, "बस, एवढंसं राहिलं. पुढच्या वेळी, दाखवायला येशील तेव्हा."

पुढची वेळ तुझ्या छातीनं येऊ दिली नाही. सकाळी चहा ठेवलास, ओट्याला धरून बसलीस, आणि मी गाडी बोलावेपर्यंत संपलं. मी इतक्या लोकांची नाडी पाहिली आहे, तुझी सापडेना म्हणून मनगट बदलून बदलून पाहत राहिले. तुझ्या कानाशी वाकून मी काही म्हणायला हवं होतं का, हा विचार येतो आणि मी तो हाकलून देते. तुला माझ्या आवाजाची गरज नव्हती. तू घाबरलेली दिसत नव्हतीस.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन ग्वारीघाटावर गेले. गुरुजींचं आटोपलं, आणि नाव ठरवायला मी वळले तर भैया आधीच उभे होते. "बुआजी को मैं ले जाऊँगा," एवढंच म्हणाले. नावेत आजी होती, आणि पुढच्या फळीवर पूनम. मला तिचा हात बघायचा होता, पण माझ्या हातात कलश होता आणि डोळ्यांत पाणी.

मधल्या धारेला भैयांनी वल्ही थांबवली. मी कलश उलटा केला. पाण्यावर तू पसरलीस, थोडी फुलं तुझ्याबरोबर गेली, आणि मग मी आवरू शकले नाही. नावेच्या कडेला वाकून मोठ्यानं रडले. भैया म्हणाले, "दीदी, बस, बस।" लगेच आजी त्यांच्यावर डाफरली, "चुप्प! रोने दो। एकई आवाज!"

आत्या, तुझा कायदा मध्य नर्मदेत! मग माझ्या डाव्या कानाशी ऊन ऊन श्वास आला.

"कुर्रर्रर्र... सिस्टर."

पोरीनं घसा खरवडून तुझा आवाज काढला होता, चक्क जमला होता. मी रडायची थांबले. थांबावंच लागलं, ऐकायचं होतं मला. पुन्हा कुर्रर्र. पाणी, उन्हाची तिरीप, आणि कानात ते जाड घुरघुरणं. मग तिनं विचारलं, "सिस्टर, बुआ की पीठ तो गई। मेरा एक बाकी था। अब किसको मारूँ?"

मी नावेत वळून बसले, पदर खांद्यावरून सरकवला आणि पाठ तिच्याकडे केली. "मला मार. पण नियम तोच, मुठीनं नाही."

ती उभी राहिली. नाव हलली, भैयांनी तिला सावरलं. मागे तिनं श्वास घेतलेला मला ऐकू आला.

फाट!

धप्प नाही, आत्या. फाट. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सपाट, उघड्या तळव्याचा आवाज, पाण्यावरून काठापर्यंत गेला. फुलं विकणाऱ्या बायांनी माना वळवल्या. मी मागे वळले तेव्हा पूनम आपला पंजा उन्हात धरून बघत होती. तांबूस, चट्ट्यांचा, आणि पाची बोटं सरळ. आजीनं हात जोडले, पाण्याला की तुला, कोण जाणे.

"लगा?" पूनमनं विचारलं.

"लगा," मी म्हणाले.

लागलं, आत्या, चांगलं सणसणीत लागलं. आणि थोडं उशिरानं लागलं. ते भांडण तू जिंकलीस.